बुडखा

खोड आधी कापू नकोस, बाबा सांगायचे,
झाडाची उंची हीच तुझी पहार.
तीन बाजूंनी चर घे,
मुळं बकेटच्या दातांनी तोड, ओढत बसू नकोस,
मग हात जाईल तितका वर टेकव
आणि हळू रेट.
बाकीचं काम झाड स्वतःच्या वजनानं करतं.

फिलोमेन सीरच्या कुंपणालगतचे अकरा पॉप्लर
असे दुपारच्या आत आडवे झाले.
ऑक्टोबर. गवत दवानं कडक,
सेंट जॉन नदीवर धुकं, आणि पलीकडे, कॅनडात,
कुणीतरी बटाट्याची शेवटची गाडी भरत होतं.
पॉप्लर पडताना फार बोलत नाही.
मुळं वरवरची, ओल्या सुतळीसारखी तटतट तुटतात,
मग मुळांची थाळी उभी राहते मातीसकट,
तिच्यात गांडुळं, खडे,
एकदा तर काचेची गोटी.

म्हातारी पायरीवर बसून मोजत होती.
झाडं नव्हे, मिनिटं.
माझा दर ताशी पंच्याण्णव डॉलर.
नातवाचं चाकांवरचं घर इथे येऊन थांबायचंय,
त्याच्या सांडपाण्याच्या टाकीला जागा हवी.

राहिला तो मेपलचा बुडखा.
गुडघ्याएवढा उंच, जेवणाच्या टेबलाएवढा रुंद,
वर शेवाळ, कडेनं लाल धुमारे.
सव्वीस वर्षांपूर्वी लेआंद्रनं झाड पाडलं,
दोन हिवाळे जाळलं,
आणि बुडखा पुढच्या उन्हाळ्यावर टाकला.
याला आता उंचीच नाही.
रेटायचं कुठे?
उभ्या झाडापेक्षा कापलेलं उपटणं अवघड,
हे बाबांनी सांगितलं नाही,
माझ्या मणक्यांनी सांगितलं.

खणत गेले.
मुळाखाली मूळ, त्याखाली आणखी एक, मांडीएवढं.
मशीन अंग चोरायचं, पुढून उचललं जायचं
आणि धपकन बसायचं.
चौथ्या बाजूला दात करकरले.
दगड नव्हता. दगडाचा आवाज मला कळतो.
उतरले, हातानं माती खरवडली.
साखळी.
अंगठ्याएवढ्या जाड कड्या,
आणि मूळ एका कडीतून आत शिरून
दुसरीतून बाहेर आलेलं,
वर साल मिटलेली, जखम मिटते तशी.

फिलोमेन काठी टेकत आली, खड्ड्यात वाकून पाहिलं.
चांगली साखळी होती, म्हणाली,
प्रेस्क आइलहून मागवली होती त्यानं.
ही तुटली असती
तर ट्रॅक्टर मागे उलटला नसता.

वारा नव्हता. इंजिन नुसतं गुरगुरत होतं.
तुझं घड्याळ चालू आहे का? तिनं विचारलं.
बंद आहे, मी म्हणाले. चालू होतं.
मग चालू कर, ती म्हणाली,
आणि तुझी साखळी काढू नकोस.
हीच लाव.

लावली. दोन कड्या मुळात रुतलेल्या तशाच,
मोकळं टोक बकेटच्या आकड्याला.
तिला घराच्या कोपऱ्यापलीकडे जायला सांगितलं.
ती गेली नाही, चार पावलं मागे सरली.
मी लिव्हर केसाकेसानं ओढला.
आधी माती फुगली, भाकरी फुगते तशी,
मग कुठेतरी खोल एक लांब, ओला आवाज झाला
आणि बुडखा वर आला,
खालून अजून पांढरा, अजून जिवंत.
साखळी तुटली नाही.

जेवायला तिनं प्लोय दिले,
कुट्टूच्या पिठाची पिवळी धिरडी, लोणी लावून.
दोघी उभ्यानंच खाल्लं.
साखळी तिनं करवतीनं सोडवून घेतली,
रॉकेलच्या डब्यात बुडवून ठेवली.
पोराला लागेल, म्हणाली.
मी काही बोलले नाही.

निघण्याआधी खड्डा बुजवला.
माती पुरली नाही. कधीच पुरत नाही,
बुडखा आपल्या वाटणीची घेऊन जातो.
एक ट्रक माती, शनिवारी,
असं मी बिलाच्या मागे लिहिलं
आणि तिनं खाली लिहिलं: अर्धा ट्रक.